उड्डाणापूर्वीची तयारी: हेल्मेटची वायर आणि बाकीचे
हेलिकॉप्टरचा सांगाडा तलावात उलटा करून त्यातून बाहेर पडण्याचा सराव करताना मी दार ढकलले, पट्टा सोडला, खांदे बाहेर काढले आणि मान मागे खेचली जाऊन तिथेच अडकलो, कारण हेल्मेटची (संभाषणाची) वायर खांद्याच्या पट्ट्याखालून गेलेली होती. पाणबुड्याने ती सोडवली. जुहूहून मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे जाताना खाली सुमारे १६० किलोमीटर समुद्र असतो आणि तिथे वायर सोडवायला कोणी येणार नाही.

कपड्यांबद्दल सर्वांना ठाऊक आहे: नोमेक्स या सहज न पेटणाऱ्या कापडाचा सूट, बाह्या मनगटापर्यंत, हातमोजे, चामडी बूट. आत मात्र सुतीच असावे, कारण नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटते.

आसनाखाली काहीही ठेवू नये. आघात शोषणारे आसन खाली दबते म्हणूनच मणका वाचतो. त्या जागेत स्टीलची पाण्याची बाटली सरकवली की आसनाला दबायला जागाच उरत नाही. कोणी कितीही घाई केली तरी तिथे काही ठेवू देऊ नये.

कमरेचा पट्टा आधी, ओटीपोटावर घट्ट, मग खांद्यांचे. आता वायर पाहावी. हेल्मेट घालताना पाहिली होती, ही सबब चालणार नाही, कारण खांद्याचे पट्टे आवळतानाच ती त्यांच्याखाली जाते. माझी तशीच गेली. ती सर्व पट्ट्यांच्या आणि लाइफ जॅकेटच्या वरून जावी, आणि छतातल्या सॉकेटला थेट न जोडता मध्ये जोडवायर असावी, म्हणजे बाहेर पडताना ओढ सरळ रेषेत बसून प्लग सुटतो. बसल्या जागी डोळे मिटून, एका हाताने, ती एकदा सोडवून पाहावी. रोज.

प्रवाशांचे पट्टेही पाहावेत. ११ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत उतरलेले हेलिकॉप्टर फ्लोट (तरंगण्यासाठीचे फुगे) असूनही उलटले. वैमानिक बाहेर आला, पण उघड्या दारातून छायाचित्रे घेण्यासाठी जादा पट्ट्यांनी बांधलेले पाचही प्रवासी बुडून मरण पावले.

बीकन, म्हणजे संकटाचा संकेत पाठवणारे छोटे यंत्र, बॅगेत नव्हे, जॅकेटच्या खिशात असावा, कारण बॅग हेलिकॉप्टरबरोबर बुडते आणि पाण्याखालून ४०६ मेगाहर्ट्झचा संकेत बाहेर जात नाही. त्याची नोंदणी केलेली असावी.

पाण्यावर उतरावेच लागले तर दार आधी सोडून द्यावे आणि एक हात चौकटीवर ठेवावा. इंजिन व गिअरबॉक्स वर असल्याने यंत्र उलटणारच, असे धरून चालावे. हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडू नये. मग वायर, त्यानंतर पट्टा, त्यानंतर बाहेर. जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवावे आणि बीकनची अँटेना आकाशाकडे धरावी.