माजाच्या इंजेक्शनाआधी गाय तपासून घ्या

मुरबाडजवळ आमचा चार गाईंचा गोठा. म्हसा यात्रेच्या आठवड्यात आमच्या कपिलेला न तपासताच माजाचं इंजेक्शन दिलं गेलं. दोन महिन्यांपूर्वी भरवली (रेतन केलं) होती, मध्ये थोडा सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, दिसला म्हणून उलटली, गाभण राहिलीच नाही, असं आम्ही धरून चाललो. चौथ्या दिवशी पहाटे शेण काढायला गेले, तर तिच्या मागे माझ्या बोटाएवढा गर्भ पडलेला. म्हणून हे कळकळीनं लिहितेय.

आधी गोठ्याच्या दाराला कॅलेंडर लावा. व्यायल्याची, माजाची, भरवल्याची तारीख त्यावर लिहा. व्यायल्यावर ६० दिवस थांबा. माज साधारण २१ दिवसांनी फिरतो आणि पुष्कळदा रात्री येतो, म्हणून झोपण्यापूर्वी आणि पहाटे बघा: काचेसारखा सोट, दुसरी गाय अंगावर चढली तरी शांत उभी राहणं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी.

तरीही माज नाही? पशुवैद्यकाकडून गर्भाशय आणि बीजांड तपासून घ्या. बीजांडावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) असेल तरच प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे हेच माजाचं इंजेक्शन, लागू पडतं आणि दोन ते पाच दिवसांत गाय माजावर येते. गाभण गाय त्यानंच गाभडते. दमा असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या बाटलीला हातही लावू नये, ते कातडीतून आत जातं.

माज मुकाच राहत असेल, म्हणजे बाहेर लक्षणं दिसत नसतील, तर डॉक्टर तीन सुयांचा कार्यक्रम देतात: आज जीएनआरएच (बीज सुटायला लावणारं संप्रेरक), सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच. त्यानंतर १६ ते २० तासांत भरवायची, माज दिसो न दिसो. शेवटची सुई संध्याकाळी ५ ला पडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी १.

बरगड्या मोजता येतील अशा गाईवर मात्र सुईचे पैसे घालवू नका. आपल्याकडे उन्हाळाभर भाताचा पेंढाच पुढ्यात असतो, त्यात प्रथिनं आणि फॉस्फरस फार कमी. जंतनाशक, पेंड, थोडा हिरवा चारा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या, अंग भरू द्या.

भरवल्यावर ६० दिवसांनी गाभण तपासणी कराच, मधे माज दिसला नाही तरी आणि दिसल्यासारखा वाटला तरी.