‘ये रे माझ्या मागल्या’ कुठे होतं? सवयी लावताना आणि निर्णय घेताना या चुका टाळा

माझ्या कपाटात चार डायऱ्या आहेत. चारही १ जानेवारीला सुरू झाल्या आणि संक्रांतीच्या आत आटोपल्या. एकीत शेवटची नोंद ९ तारखेची आहे: ‘आज चालायला गेलो नाही. उद्यापासून नक्की.’ त्यानंतरच्या पानावर थेट इस्त्रीवाल्याचा हिशोब.

आपल्याकडे याला आरंभशूरपणा म्हणतात आणि दोष माणसाच्या स्वभावाला देतात. मीही बरीच वर्षं तेच मानलं. मग कधीतरी त्या चार डायऱ्या घेऊन बसलो आणि गाडी नेमकी कुठे अडली ते शोधलं, तर चुका त्याच त्याच निघाल्या. बहुतेक ठिकाणी स्वभावाचा फारसा संबंध नव्हता, मांडणीच चुकली होती.

पहिली चूक: एकवीस दिवसांचा भरवसा

‘२१ दिवस करा, सवय लागते’ हे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की तो शास्त्रीय नियमच वाटतो. मूळ गोष्ट वेगळी आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली नोंदवलं. पुढे ‘कमीत कमी’ गळून पडलं, चेहराही गळाला आणि फक्त २१ उरले.

सवय लागायला खरंच किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे तपासलं. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट रोज, ठरलेल्या वेळी करायची, एवढंच काम. कुणाला १८ दिवसांत जमलं. काहींच्या बाबतीत गणिताने अंदाज काढला तेव्हा आकडा २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा साधारण ६६. ग्लासभर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला वेळ लागला.

म्हणून बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही बिघाड आहे असं समजू नका. पाडव्याला चालायला सुरुवात केलीत, तर निदान आषाढी एकादशीपर्यंत तरी स्वतःला नावं ठेवायची नाहीत, असा हिशोब धरा.

एक दांडी म्हणजे बट्ट्याबोळ नव्हे

९ जानेवारीची माझी नोंद म्हणजे याच चुकीचा पुरावा. एक दिवस बुडाला, की ‘आता गेलंच आहे तर सोमवारपासून नव्याने’. सोमवारी काहीतरी निघतं, मग एक तारीख, मग थेट पुढचा पाडवा. लॅलींच्याच अभ्यासात दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. नुकसान होतं ते ‘पहिल्यापासून सुरू करू’ या हट्टाने. मी आता एवढंच पाळतो: दांडी झाली तर होऊ दे, लागोपाठ दुसरी नको.

घरात गणपती असले किंवा लग्नकार्य निघालं की ठरलेला बेत कोसळणारच. त्या दिवसांसाठी सवयीची छोटी आवृत्ती आधीच ठरवून ठेवा. माझं पाऊण तासाचं चालणं गणपतीत सोसायटीभोवती दोन फेऱ्यांवर येतं. हे व्यायाम म्हणून कुणी धरणार नाही. पण चपला घालून खाली उतरायची वेळ मोडत नाही, आणि तीच जपायची असते.

तिसरी चूक: ‘रोज करीन’

‘रोज वाचेन’ या वाक्यात कुठे, कधी, कशानंतर यातलं काहीच नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला ‘जर-तर’चा बेत इथे उपयोगी पडतो: अमुक झालं, की मी तमुक करणार. चहाचं आधण ठेवलं की रक्तदाबाची गोळी. म्हणून माझ्या गोळ्या औषधांच्या डब्यात नसतात, साखरेच्या डब्याला टेकून असतात.

हे करूनही सवय लागत नसेल तर खुंटी, म्हणजे सवय ज्या गोष्टीला अडकवली ती, तपासा. ‘ऑफिसमधून आलो की’ ही खुंटी कच्ची, कारण लोकल आपल्या मर्जीने येते. ‘जेवणानंतर’ त्याहून कच्ची, कारण जेवणानंतर कुणालाच काही करायचं नसतं. दात घासणं, देवापाशी दिवा लावणं, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं, अशा न चुकणाऱ्या गोष्टी बघा.

चौथी: मनाच्या निग्रहावर भिस्त

फरसाणाचा डबा टीव्हीखाली आणि निग्रह आपल्या मनात, या लढतीत डबा जिंकतो. मध्यंतरी असं म्हणत की संयम बॅटरीसारखा दिवसभरात वापरून संपतो. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर त्यामागचा एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम जवळपास दिसलाच नाही. बॅटरीचा वाद तज्ज्ञांवर सोडू. आमच्याकडे डबा माळ्यावर गेला. स्टूल आणायचं, चढायचं, मागून ‘काय शोधताय?’ ऐकायचं. खाणं निम्म्यावर आलं.

आता मोठी चूक: निर्णय डोक्यात ठेवणं

सवयींचं एक बरं असतं, चालायला गेलो की नाही ते दिसतं. निर्णयाचं तसं नसतं. परिणाम समोर आला की आपण गुपचूप मागे जाऊन आपलंच म्हणणं बदलतो. ‘मला वाटतच होतं’ हे वाक्य प्रत्येक घरात आठवड्यातून दोनदा तरी बोललं जातं.

बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी याची छान परीक्षा घेतली होती. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. या दोघांनी आधीच विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं: निक्सन माओंना भेटतील याची शक्यता किती? आणखी अमुक घडेल याची किती? दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना सांगितलं, तुम्ही तेव्हा दिलेले आकडे आठवून लिहा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण मुळात दिली होती त्याहून जास्त दिली होती, असं त्यांना आठवलं. यात कुणी खोटं बोलत नव्हतं, स्मरणशक्तीच सोयीची बाजू घेत होती.

असं असेल तर अनुभवातून शिकणार काय? स्वतःची चूक सापडायला ती कुठेतरी लिहिलेली हवी. म्हणून माझी पाचवी वही डायरी नाही, निर्णयांची वही आहे. शंभर पानी, तीही अजून अर्धी कोरी, कारण भाजी कोणती आणायची याची नोंद मी करत नाही. पैसे, वेळ किंवा नातं बऱ्यापैकी गुंतणार असेल तेवढंच. तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं, खात्री किती टक्के, आणि परत कधी बघायचं. पाच ओळी पुरतात.

यातली एक नोंद बघा. वॉशिंग मशीनचं सर्किट बोर्ड गेलं, दुरुस्तीला ३,८०० रुपये घातले. सात महिन्यांनी ड्रमचं बेअरिंग वाजायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, साडेचार हजार. माझ्या नोंदीत ‘का’ या रकान्यात लिहिलंय: ‘आत्ताच एवढे घातलेत, ते फुकट कशाला घालवायचे.’ खात्री ८० टक्के, मशीन दोन वर्षं चालेल. चाललं पाच महिने.

वही नसती तर मी मेकॅनिकला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण कारण माझ्याच अक्षरात होतं, आणि त्यात मशीनबद्दल एक शब्द नव्हता. वय किती, पुढे काय जाऊ शकतं, काही नाही. होती ती फक्त बुडालेल्या पैशांची हळहळ. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की नाटकांच्या हंगामी तिकिटाला ज्यांनी पुरे पैसे मोजले, ते सवलतवाल्यांपेक्षा हंगामाच्या पहिल्या निम्म्यात जास्त प्रयोगांना गेले. नाटकं दोघांना सारखीच होती. गेलेला पैसा असा पुढचं ठरवतो. तेव्हापासून ‘का’च्या खाली मी आणखी एक ओळ लिहितो: आजवर यात एक रुपयाही गेला नसता, तर काय केलं असतं?

या वहीतही चुका होतात. पहिल्या वर्षी मी निर्णय झाल्यावर दोन दिवसांनी लिहायचो. ते वरातीमागून घोडं. तोवर कारणांना इस्त्री झालेली असते. शिवाय ‘बहुतेक चांगलं होईल’ असलं गुळमुळीत लिहू नका, ते कधीच चुकीचं ठरत नाही. आकडा आणि तारीख हवी. आणि निकाल वाईट म्हणजे निर्णय वाईट असंही नसतं. हवामान बघून, छत्री घेऊन निघालेला माणूसही कधीकधी भिजतो.

दोन किरकोळ, पण महागात पडणाऱ्या

रात्री अकरानंतर फोनवर खरेदी करू नका. कार्टमध्ये टाका आणि झोपा. त्या वेळी समोर येणारा ‘नो कॉस्ट ईएमआय’ चुकीचा प्रश्न पुढे करतो: हप्ता परवडतो का? खरा प्रश्न, ही वस्तू या किमतीला हवी का? शिवाय बँक तिथेही व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते इतकंच. तीस हजारांचा फोन, सहा हप्ते, दरसाल १५ टक्के धरले तर व्याज साडेबाराशेच्या आसपास येतं. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वादोनशे रुपये, आपल्याच खिशातून जातो. वर प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी.

दुसरी, मनात ठरवून झाल्यावर लोकांचं मत विचारत फिरणं. त्याला सल्ला घेणं म्हणत नाहीत, तो शिक्क्याचा शोध असतो. विचारायचंच असेल तर ‘कसं वाटतं?’ म्हणू नका. ‘हे वर्षभरात फसलं असं धर, कशामुळे फसलं असेल?’ असं विचारा. अगदी गोड बोलणारा भाऊजीसुद्धा मग दोन खऱ्या गोष्टी सांगतो.

गेल्या महिन्यात अखेर नवं मशीन आलं. रीतसर नोंद केली: सात वर्षं चालेल, खात्री ६५ टक्के. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर खाली बायकोने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मी पहिल्या दुरुस्तीलाच म्हटलं होतं, नवीन घ्या.’

कधी म्हटलं होतंस, तारीख सांग, म्हणून विचारलं. तारीख तिच्याकडेही नव्हती.