कमी दिसत असेल तर ब्राउझरमधली अक्षरं आणि रंग असे बदला

डोळे पडद्याजवळ नेऊन वाचणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एकच उपाय सांगितला जातो: कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबा. उपाय बरोबर आहे, पण अपुरा. पान मोठं होतं ते त्या संकेतस्थळापुरतंच. दुसरीकडे गेलं की पुन्हा बारीक अक्षरं. त्यापेक्षा ब्राउझरलाच एकदा कायमचं सांगून ठेवावं. संगणकावर मी यासाठी फायरफॉक्स सुचवतो, कारण रंग बदलायची सोय त्यात आतच आहे.

उजवीकडे वरच्या तीन आडव्या रेघांवर क्लिक करून 'सेटिंग्ज' उघडा. तिथे 'डिफॉल्ट झूम' १२० किंवा १३३ टक्के करा. आता प्रत्येक पान याच आकारात उघडेल.

यानंतरची पायरी मराठी वाचकासाठी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते. 'फॉन्ट्स'शेजारच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटणावर क्लिक करा. उघडणाऱ्या चौकटीत सगळ्यात वर लिपी निवडायची असते. तिथे 'लॅटिन' असताना केलेले बदल मराठी पानांना लागू होत नाहीत, म्हणून आधी 'देवनागरी' निवडा. मग 'मिनिमम फॉन्ट साइज' २० करा, म्हणजे कोणत्याही संकेतस्थळाला त्याहून बारीक अक्षर दाखवता येणार नाही. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, उकार हे सगळं ओळीच्या वर-खाली असतं. अक्षर बारीक झालं की आधी तेच दिसेनासं होतं. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतली गल्लतही तिथूनच सुरू होते. शक्य असेल तर मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा मोफत फॉन्ट संगणकावर घालून इथे निवडा. संकेतस्थळांना स्वतःचे फॉन्ट वापरू देणाऱ्या पर्यायावरची खूण काढली, तरच तो सगळीकडे दिसेल. हेच बदल 'लॅटिन'साठीही करून ठेवा, कारण पान मराठीत आहे हे बरीच संकेतस्थळं ब्राउझरला कळवतच नाहीत.

रंगांचा पर्याय 'सेटिंग्ज'च्याच पानावर आहे. नव्या आवृत्तीत त्याला 'कॉन्ट्रास्ट कंट्रोल' म्हणतात. 'कस्टम' निवडून अक्षरं, पार्श्वभूमी आणि दुवे यांचे रंग ठरवा. मोतीबिंदू असलेल्या अनेकांचे डोळे पांढऱ्या पडद्याने दिपतात. त्यांना काळ्यावर पिवळी अक्षरं सोसतात, आणि त्यात उठावही भरपूर असतो. मात्र डोळ्याला मऊ वाटतात म्हणून फिके रंग घेऊ नका. साध्या मजकुरासाठी जागतिक मानकाने अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात ४.५ : १ इतकं किमान प्रमाण सांगितलं आहे, आणि कमी दिसणाऱ्याला त्याहून जास्तच लागतं.

काचबिंदूमुळे नजरेचा घेर आक्रसलेला असेल, तर अक्षर फार मोठं करणं उलट त्रासाचं ठरतं, कारण एका नजरेत एखादाच शब्द मावतो. म्हणून कुणाला ही मांडणी करून देत असाल, तर त्यांना शेजारी बसवून, प्रत्येक बदलानंतर एक परिच्छेद वाचायला लावूनच करा.

रंग सक्तीचे केले की काही पानांवरची चिन्हं आणि बटणं दिसेनाशी होतात. बँकेचा किंवा रेल्वेचा फॉर्म भरताना तो पर्याय तेवढ्यापुरता 'ऑफ' करा. लांब लेखासाठी पत्त्याच्या पट्टीतलं कागदाचं चिन्ह दाबलं, की जाहिराती जाऊन नुसता मजकूर राहतो. विंडोजवर त्यासाठी एफ९ चालतं. तिथे ओळींमधलं अंतरही वाढवता येतं. मात्रांची गर्दी कमी करायला ते जरूर वाढवा.

अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये तीन ठिपके, 'सेटिंग्ज', 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' असं गेलं की आकार वाढवायची पट्टी सापडते.