फोटो उघडला की अ‍ॅप बंद पडतंय? बिटमॅप लोड कसा करायचा, लहान कसा करायचा आणि सरळ कसा करायचा

आमच्या मंडळासाठी मी एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप केलं होतं. वर्गणीची पावती फाडली की लगेच तिचा फोटो काढून टाकायचा, म्हणजे रात्री हिशोब जुळवताना पावतीपुस्तकं शोधत बसायला नको. माझ्या फोनवर मस्त चालायचं, पण खजिनदार काकांच्या २ जीबी रॅमच्या जुन्या फोनवर सातवी-आठवी पावती उघडली की अ‍ॅप बंद, आणि ज्या पावत्या दिसायच्या त्या पण आडव्या पडलेल्या, काका बिचारे मान वाकडी करून आकडे वाचायचे. ते बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण चूक फोनची नव्हती, माझ्या कोडची होती. मग नीट बसून हा विषय समजून घेतला, तोच इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं अँड्रॉइडची आहेत, शेवटाकडे आयफोनबद्दल पण थोडं आहे.

आधी हिशोब समजून घ्या

गॅलरीत फोटोची फाइल ३ एमबी दिसते म्हणून आपण गाफील राहतो. ती जेपेगची साइझ, म्हणजे दाबून बसवलेली. स्क्रीनवर दाखवायला तो फोटो उलगडावा लागतो (यालाच डिकोड करणं म्हणतात आणि उलगडलेल्या फोटोला बिटमॅप) आणि उलगडला की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता, प्रत्येकी १). १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, गुणिले ४, म्हणजे जवळपास ४८ एमबी. एका पावतीला. आणि आता ५० मेगापिक्सेलचे कॅमेरे आलेत, तिथे हाच आकडा २०० एमबीच्या आसपास जातो, आणि एवढा बिटमॅप इमेजव्ह्यूमध्ये (स्क्रीनवर चित्र दाखवणारी चौकट) टाकलात तर मेमरी असली तरी अ‍ॅप क्रॅश होतं, कारण १०० एमबीच्या वरचा बिटमॅप काढायला नवीन अँड्रॉइडचा कॅनव्हास सरळ नकार देतो.

अजून एक गोष्ट, अँड्रॉइड ३.० ते ७.१ पर्यंत बिटमॅपचे पिक्सेल जावाच्या हीपमध्येच (प्रत्येक प्रोग्रामला वाटून दिलेली मर्यादित मेमरी) राहायचे, म्हणून जुन्या फोनवर आउटऑफमेमरी, म्हणजे मेमरी संपल्याचा एरर, लगेच येतो. ८.० पासून ते नेटिव्ह, म्हणजे या हीपबाहेरच्या मेमरीत गेले, त्यामुळे नवीन फोनवर तो एरर कमी दिसतो, पण मेमरी लागतेच, आणि फारच खाल्ली की सिस्टीम अ‍ॅपलाच मारून टाकते. मॅनिफेस्टमध्ये (सेटिंग्ज लिहायची फाइल) जास्त हीप मागणारा लार्जहीप ट्रू करून सुटका होईल असं वाटतं, मी पण केलं होतं, त्याने क्रॅश फक्त चार फोटो पुढे गेला.

म्हणून सगळ्या खटाटोपाचं सूत्र एकच ठेवा: स्क्रीनवर जेवढं दिसणार आहे तेवढंच मेमरीत आणायचं, आणि आणण्याआधी फोटो कुठल्या कुशीवर पडलाय ते बघून घ्यायचं. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं महाग पडतं.

पायरी १: फोटो न उघडता माप घ्या

बिटमॅपफॅक्टरी म्हणजे फाइलमधून बिटमॅप बनवणारा अँड्रॉइडचा क्लास. त्याच्या ऑप्शन्समध्ये इनजस्टडिकोडबाउंड्स नावाचा फ्लॅग आहे, तो ट्रू करून डिकोड कॉल करा. हातात बिटमॅप येत नाही, नलच (म्हणजे काहीच नाही) येतो, आणि ते बरोबर आहे, घाबरू नका. पण ऑप्शन्सच्या आउटविड्थ आणि आउटहाइटमध्ये रुंदी-उंची येऊन बसते. फक्त फाइलचा सुरुवातीचा भाग वाचला जातो, पिक्सेलसाठी मेमरी लागतच नाही.

इथे एक खड्डा आहे ज्यात नवीन माणूस हमखास पडतो. तुम्ही इनपुटस्ट्रीम (फाइल सुरुवातीपासून पुढे वाचत जाणारी नळी) उघडून माप घेतलं आणि त्याच स्ट्रीमवर पुन्हा खरा डिकोड केला तर पुन्हा नल येतो, कारण स्ट्रीम पुढे सरकलेला असतो. माझा यात एक अख्खा रविवार गेला. प्रत्येक वेळी कंटेंट रिझॉल्व्हरकडून (फोटोची फाइल हाती देणारी अँड्रॉइडची सोय) स्ट्रीम नव्याने उघडा आणि काम झालं की बंद करा. मापाला एकदा, एक्झिफला (फोटोसोबत फाइलमध्येच लिहिलेली माहिती) एकदा, खऱ्या डिकोडला एकदा, असा तीनदा उघडला तरी चालतो, त्याचा खर्च फार नसतो.

पायरी २: कुशी बघा

उभा फोन धरून काढलेला फोटो आडवा का दिसतो? कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये एकाच दिशेने बसवलेला असतो. फोन उभा धरला तरी पिक्सेल आडवेच येतात, आणि इतके पिक्सेल फिरवत बसण्यापेक्षा बरेच फोन नुसती चिठ्ठी लिहून ठेवतात की दाखवताना एवढं फिरवा. ही चिठ्ठी म्हणजे एक्झिफमधला ओरिएंटेशन टॅग. त्याच्या किमती १ ते ८. १ म्हणजे आहे तसाच, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा, ३ म्हणजे १८०, ८ म्हणजे २७०. उरलेल्या २, ४, ५, ७ मध्ये आरशासारखं उलटणं पण असतं, त्या क्वचित भेटतात पण कोडमध्ये सांभाळा.

बिटमॅपफॅक्टरी ही चिठ्ठी वाचत नाही. काकांच्या पावत्या आडव्या पडायच्या त्या यामुळेच. टॅग वाचायला अँड्रॉइडएक्सची एक्झिफइंटरफेस लायब्ररी घ्या, ती जुन्या फोनवर पण स्ट्रीममधून वाचते, सिस्टीममधल्या मूळ क्लासला ती सोय ७.० पासूनच आहे.

आणि कृपा करून ‘उभा फोटो असेल तर ९० ने फिरव’ असा ठोकळा नियम लिहू नका. काही फोन पिक्सेल खरोखर फिरवून साठवतात आणि टॅग १ ठेवतात, तिथे तुमचा नियम सरळ फोटो आडवा करेल. टॅग सांगेल तेच करायचं.

पायरी ३: सॅम्पल साइझ काढा, पण आधी रुंदी-उंचीची अदलाबदल

आता इनसॅम्पलसाइझ, म्हणजे फोटो किती पट लहान उलगडायचा ते सांगणारा ऑप्शन्समधलाच आकडा. हा २ दिला की रुंदी अर्धी, उंची अर्धी, म्हणजे मेमरी पाव. ४ दिला तर सोळावा हिस्सा, ८ दिला तर चौसष्टावा. दर वेळी दुप्पट होत जाणारेच आकडे द्या, २, ४, ८, १६ असे, कारण ५ दिला तरी डिकोडर खाली येऊन ४ च धरतो.

हे स्वस्त का पडतं ते मला फार आवडतं म्हणून सांगतो. जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत साठवलेला असतो, प्रत्येक चौकोनात आधी ढोबळ रंग आणि मग बारीक तपशील. लहान फोटो हवा असेल तर डिकोडर बारीक तपशील सोडून चौकोन ४ बाय ४, २ बाय २ किंवा थेट १ पिक्सेल म्हणून उलगडू शकतो, म्हणजे वेळ पण वाचतो. पीएनजीला ही सोय नाही, तिथे फाइल पूर्ण सोलावीच लागते, मेमरी वाचते पण वेळ तेवढा वाचत नाही.

आकडा काढायची रीत अशी: १ पासून सुरू करा आणि दुप्पट केल्यावरही फोटो दोन्ही बाजूंनी हव्या त्या मापाएवढा किंवा मोठा राहत असेल तर दुप्पट करा, नाहीतर थांबा. पावत्यांच्या ग्रिडमध्ये मला ३६० पिक्सेलचे चौकोन हवे होते. ४००० बाय ३००० ला ८ ने भागलं की ५०० बाय ३७५, चालतंय, १६ ने २५० बाय १८७, लहान पडतंय, म्हणून ८. मेमरी ४८ एमबीवरून पाऊण एमबी! स्क्रीनवर १२ पावत्या दिसत असतील तर ५७६ च्या जागी ९ एमबी.

आता खरी गंमत पूर्ण स्क्रीनच्या फोटोत आहे, आणि इथेच मी चुकलो होतो. जागा समजा १०८० बाय १९२०, उभी. फोटो मेमरीत ४००० बाय ३०००, आडवा, पण टॅग ६, म्हणजे दिसणार उभा, ३००० बाय ४०००. मी अदलाबदल न करता हिशोब केला, ३००० ची उंची अर्धी केली की १५००, ती १९२० पेक्षा कमी, म्हणून सॅम्पल साइझ १, म्हणजे अख्खा ४८ एमबीचा फोटो आत! लहान करायचा कोड लिहिलाय, चालतोय, तरी पूर्ण फोटो लोड होतोय आणि कारण कळत नाही. अदलाबदल करून हिशोब केला तर ३००० चे १५०० (१०८० पेक्षा जास्त), ४००० चे २००० (१९२० पेक्षा जास्त), म्हणजे २ चालतो, आणि मेमरी १२ एमबी. टॅग ५ ते ८ मधला असेल तर रुंदी-उंची बदलून घ्या आणि मगच भागाकार करा, बस.

पायरी ४: बारीक माप आणि फिरवणं एकाच फटक्यात

सॅम्पल साइझने फोटो हव्या त्या मापाच्या जवळ येतो, अगदी बरोबर नाही. वरच्या उदाहरणात २००० बाय १५०० हातात आहे आणि हवाय १०८० रुंदीचा उभा. बरेच जण आधी क्रिएटस्केल्डबिटमॅपने लहान करतात, मग दुसरा बिटमॅप करून फिरवतात. कशाला? एक मॅट्रिक्स (लहान-मोठं करणं आणि फिरवणं एकत्र सांगणारा तक्ता) घ्या, त्यात पोस्टस्केल ०.७२ करा (१०८० भागिले १५००), मग पोस्टरोटेट ९० करा, आणि क्रिएटबिटमॅपला मूळ बिटमॅप, ०, ०, रुंदी, उंची, हा मॅट्रिक्स आणि फिल्टर ट्रू द्या. १०८० बाय १४४० चा सरळ फोटो मिळतो, साधारण ६ एमबी. फिल्टर फॉल्स ठेवलात तर पावतीवरची अक्षरं करवतीच्या दातांसारखी दिसतात, म्हणून ट्रूच.

हे करताना क्षणभर दोन्ही बिटमॅप मेमरीत असतात, १२ आणि ६ मिळून १८. पूर्ण फोटो लोड करून आधी फिरवला असता तर ४८ आणि ४८, म्हणजे ९६, आणि काकांचा फोन नेमका तिथेच मान टाकायचा.

जुना बिटमॅप रिसायकल करताना, म्हणजे त्याची मेमरी मोकळी करताना, जपून. फिरवायचं काहीच नसेल आणि माप पण तेच असेल तर क्रिएटबिटमॅप नवीन न बनवता जुनाच परत देऊ शकतो. तुम्ही जुना म्हणून रिसायकल केलात तर हातातला पण गेला आणि ‘रिसायकल केलेला बिटमॅप वापरताय’ असा क्रॅश येतो. आधी तपासा, दोन्ही वेगळे असतील तरच रिसायकल.

नुसतं दाखवायचं असेल, साठवायचं नसेल, तर पिक्सेल फिरवूच नका, इमेजव्ह्यूला मॅट्रिक्स द्या किंवा कॅनव्हास फिरवून काढा, नवीन बिटमॅप लागतच नाही.

पायरी ५: हे सगळं मेन थ्रेडवर नको

मेन थ्रेड म्हणजे स्क्रीन रंगवणारा मुख्य धागा, तो अडला की स्क्रीन अडकते. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला १६ मिलिसेकंद मिळतात आणि फोटो डिकोड व्हायला सहज त्याहून जास्त लागतात, म्हणून कोरूटीनमध्ये (कॉटलिनमधली मागे काम चालवायची सोय) बाजूला करा. लिस्ट असेल तर व्ह्यू पुन्हा वापरला जाताना जुनं काम कॅन्सल करा, नाहीतर जोश्यांच्या नावापुढे कुलकर्ण्यांची पावती येते, आणि वर्गणीच्या हिशोबात ते फार वाईट.

अँड्रॉइड ९ आणि पुढचे फोनच सांभाळायचे असतील तर इमेजडिकोडर वापरा, तो सेटटार्गेटसाइझने थेट हवं ते माप देतो आणि ओरिएंटेशन स्वतः लावतो. मग हाताने परत फिरवू नका, नाहीतर दोनदा फिरतो. आणि तो बरेचदा हार्डवेअर बिटमॅप (ग्राफिक्स मेमरीतला) देतो ज्याचे पिक्सेल वाचता येत नाहीत, वाचायचे असतील तर अ‍ॅलोकेटर सॉफ्टवेअर ठेवा. साध्या लिस्टसाठी तर माझं स्पष्ट मत, ग्लाइड किंवा कॉइल या तयार लायब्ररी घ्या, कॅश, थ्रेड, कुशी सगळं ते बघतात. अपलोडच्या आधी लहान करायचं असेल तेव्हा मात्र वरचं सगळं स्वतः येत असलेलं बरं.

आयफोनवर इमेज आयओ फ्रेमवर्कचं थंबनेल बनवणारं फंक्शन आहे, त्याला जास्तीत जास्त पिक्सेलचा आकडा द्या आणि ट्रान्सफॉर्मचा पर्याय ट्रू ठेवा, डिकोड, लहान करणं आणि फिरवणं एकत्र होतं. यूआयइमेज पूर्ण उघडून मग लहान करू नका, तिथे पण हिशोब ४ बाइटचाच आहे.

अ‍ॅपमध्येच टाकलेल्या चित्रांचं काय

हे कुणी सांगत नाही. आरासचा १२०० बाय ८०० चा फोटो मी साध्या ड्रॉएबल फोल्डरमध्ये टाकला होता. ते फोल्डर एमडीपीआय (एकपट पिक्सेल-डेन्सिटी) धरलं जातं, त्यामुळे तिप्पट डेन्सिटीच्या फोनवर अँड्रॉइडने तो ३६०० बाय २४०० करून लोड केला, ४ एमबीच्या आतला फोटो ३४ एमबीच्या वर गेला. असे फोटो ड्रॉएबल-नोडीपीआयमध्ये ठेवा.

साठवताना आणि तपासताना

बिटमॅपवर कॉम्प्रेस केलं की जुना एक्झिफ सगळा गळून पडतो, जागेचं लोकेशन पण, आणि लोकांच्या घरी जाऊन काढलेल्या पावत्यांच्या फोटोत ते गेलेलंच बरं. पण पिक्सेल फिरवून झाल्यावर कोणी जुना टॅग कॉपी करत असेल तर ओरिएंटेशन १ लिहा, नाहीतर पुढच्या अ‍ॅपमध्ये फोटो पुन्हा फिरेल. पावतीसारख्या मजकुराला मी लांब बाजू १६०० पिक्सेल आणि क्वालिटी ८५ ठेवतो, पेनाने लिहिलेले आकडे स्वच्छ वाचता येतात. आरजीबी ५६५ ने (पिक्सेलला ४ ऐवजी २ बाइट) मेमरी निम्मी होते, पावतीला चालतं, पण आकाश किंवा मखरावरचा प्रकाश असेल तर रंगाचे पट्टे दिसतात.

तपासायला फोन चारही बाजूंनी धरून एकेक फोटो काढा, पुढच्या आणि मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांनी, म्हणजे आठ झाले. ते ओळीने उघडा आणि प्रत्येकाचा अ‍ॅलोकेशनबाइटकाउंट (बिटमॅपने घेतलेली मेमरी) लॉगमध्ये छापा. आकडा तुमच्या कागदावरच्या हिशोबाशी जुळला पाहिजे. कुठे ४८ एमबी दिसला तर समजा अदलाबदल राहिली. आणि हे सगळं स्वतःच्या नव्या फोनवर नको, घरातला सगळ्यात जुना फोन चार्ज करून त्याच्यावर करा.