अन्नछत्राची जबाबदारी नव्याने हाती घेताना

संस्थेच्या अन्नवाटपाचं काम अंगावर आलं की आधी अहवाल वाचायला बसू नका, कोठीत जा. परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात रुग्ण आणि नातेवाइकांसाठी जे अन्नछत्र चालतं, त्यापैकी एक मी सांभाळते. नवीन माणसाला पहिला आठवडा मी कोठीतच ठेवते. तांदळाची पोती फळ्यांवर आहेत की जमिनीला टेकलेली, जुना माल पुढे काढलाय का, डाळीत पोरकिडे झालेत का, वहीतला साठा आणि काट्यावरचा साठा जुळतो का, हे स्वतः बघा. जुलैमध्ये मुंबई तुंबली की गाडी येत नाही, तेव्हा पावसाळ्याआधी निदान पंधरा दिवसांचा कोरडा माल भरलेला हवा.

मग आचाऱ्याजवळ उभे राहा. माणशी साधारण १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३०० पानांना ३० किलो, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण बंगाल, आसाम, ओडिशाकडची माणसं जास्त असली की भात आधी संपतो, राजस्थानकडची असली की पोळ्या. कुठल्या दिवशी किती चढवायचं हे आचाऱ्याला ठाऊक असतं. निदान महिनाभर त्याच्या अंदाजात हात घालू नका.

सगळ्यात जास्त वेळ मात्र द्या तो उष्टी ताटं ठेवतात तिथे. किती ताटं वाढली हा आकडा तुम्हाला सगळे विचारतील. ताटात काय उरलं हे कुणी विचारणार नाही. आमच्याकडे एक बाई पोळी आमटीत कुस्करून भिजत ठेवायच्या, बराच वेळ थांबून दोन-चार घास घ्यायच्या आणि बाकीचं तसंच ठेवायच्या. तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन चालू असलं की तोंड आतून सोलवटलेलं असतं, मिरचीचा थेंबही आग करतो. आता आमटीला फोडणी देण्याआधी एका पातेल्यात साधं वरण काढून ठेवतो, शेजारी गुरगुट्या भात आणि तूप. हे पातेलं रांगेच्या तोंडाशीच ठेवा, म्हणजे मागायला संकोच वाटत नाही. केमो चालू असलेल्यांना डॉक्टर बरेचदा कच्चं खायला मना करतात, म्हणून कोशिंबीर विचारूनच वाढा.

वेळेचंही तसंच. ओपीडी, रक्ततपासणी, आर्थिक मदतीचे कागद, यातून नातेवाईक दुपारी तीनला सुटतो. बाराला सगळं शिजवून ठेवलं तर त्याला कोमट भात मिळतो, आणि तो नुसता बेचव नव्हे, धोक्याचा असतो. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहायला हवं. बराच वेळ बाहेर राहिलेल्या भातात काही जंतू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन खेपांत शिजवा. साधा थर्मामीटर घ्या, रोज वहीत नोंद करा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी चालू आहे का तेही पाहा. धर्मादाय स्वयंपाकघरालाही ती लागते.

शिधावाटप असेल तर यादी घेऊन घरोघरी बसा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली, म्हणजे २०१३ पासून, प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. बिहारच्या रेशनकार्डावरचा वाटा अंगठा लावून मुंबईच्या दुकानातही उचलता येतो. उपचारांसाठी सहा-सहा महिने राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांच्याबरोबर एकदा दुकानात जा. धान्य तिथून मिळालं की तुमच्या पिशवीत डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे जास्त घालता येतात.

देणगीदारांचं म्हणाल तर पितृपक्षात आणि दिवाळीत तारखा पुरत नाहीत, मे-जूनमध्ये फोन वाजत नाही. येणाऱ्यांना प्रेमाने सांगा, ‘बाबांच्या नावाने जूनमधला एक दिवस घ्याल का?’ बहुतेक जण घेतात. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आणि वस्तुरूपातल्या धान्याला ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, सवलत नाही, हे पावती फाडण्याआधीच सांगा, नंतर नव्हे.

फोटोंचा नियम पहिल्याच आठवड्यात लिहून भिंतीला लावा. स्वयंपाकघराचा घ्या, वाढणाऱ्या हातांचा घ्या, पोत्यांचा घ्या. जेवणाऱ्याच्या चेहऱ्याचा नाही. एखादा मोठा देणगीदार यावर नाराज झाला तर त्याच्याशी तुम्ही स्वतः बोला, ते काम वाढणाऱ्या पोरांवर टाकू नका.