पात्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

लातूरला एप्रिलमध्ये रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. माझी खोली दहा बाय दहाची. आवाज घुमू नये म्हणून दाराला आजीची जाड गोधडी टांगलेली, खिडकीला दुसरी. पंखा बंद, कारण त्याची घरघर माईकमध्ये येते. समोर स्टँडवर मोबाइल. तो माझ्या भुवया, ओठ, मानेची हालचाल टिपतो आणि पडद्यावर निळ्या केसांची एक मुलगी माझ्यासोबत हसते. सुरुवातीला आई दाराबाहेरून विचारायची, “एकटीच कोणाला बोलायलीस गं?”

या कामाला चार वर्षं झाली. आता नांदेड, बीड, परभणीकडून मुलंमुली विचारतात, ताई, व्हीट्यूबर व्हायचंय, कोणत्या एजन्सीत ऑडिशन देऊ? व्हीट्यूबर म्हणजे स्वतःचा चेहरा न दाखवता अशा पडद्यावरच्या पात्रातून लाइव्ह येणारा, आणि एजन्सी म्हणजे ती पात्रं काढून त्यांच्यासाठी कलाकार निवडणारी कंपनी. प्रत्येकाला मी थोडं थोडं सांगत आले, आज सगळं एका जागी लिहिते.

एजन्सीनं मला काय दिलं ते आधी सांगते, कारण ते खोटं नव्हतं. त्याआधी मी एकटी व्हीरॉइड स्टुडिओत फुकट बनवलेलं थ्रीडी मॉडेल आणि ते चेहऱ्याबरोबर हलवणारं व्हीसीफेस हे सॉफ्टवेअर वापरून लाइव्ह यायचे. समोर चौदा माणसं, त्यातली दोन माझ्या मैत्रिणी. एजन्सीत निवड झाली आणि चित्रकारानं काढलेलं, लाइव्हटूडी या सॉफ्टवेअरमध्ये रिगिंग केलेलं, म्हणजे हलतं केलेलं, मॉडेल हातात आलं. केसांची बट वाऱ्यानं हलावी तशी हलायची. माझ्यासोबत आणखी तीन मुलींचा डेब्यू होता, एकीचे प्रेक्षक दुसरीकडे जात होते. पहिल्याच रात्री नऊशेवर लोक. एकटीनं हे जमायला मला दोन वर्षं लागली असती. म्हणून एजन्सी नकोच, असं मी कोणालाही सांगत नाही.

करार तीन वर्षांचा होता. मी तो मोबाइलवर वाचला, म्हणजे खाली सरकवत नेला, आणि ओटीपी टाकून सही केली. घरात कोणाला दाखवला नाही. महिन्याला किमान वीस लाइव्ह, कमाईतला साठ टक्के वाटा माझा, पण “खर्च वजा जाता”. कोणता खर्च, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पात्राचा आवाज माझ्या आवाजापेक्षा चांगला दोन पट्ट्या वरचा ठरला होता. ऑडिशनला पाच मिनिटं तो काढणं सोपं गेलं. रोज तीन तास काढायला लागल्यावर अकराव्या महिन्यात घसा बसला. कानाघशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्राला सूज असल्याचं सांगून पंधरा दिवस मौन पाळायला लावलं. मी एजन्सीला लाइव्ह कमी करा म्हणाले, त्यांनी कराराचं कलम दाखवलं. चौदाव्या महिन्यात मी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅनेल उघडून पाहिलं. नाव होतं, चित्र होतं, व्हिडिओ एकही नव्हता. दोनशेच्या वर रात्रींचं काम त्यांनी प्रायव्हेट करून टाकलं होतं. चॅनेल त्यांच्या खात्यावर, पासवर्ड मॅनेजरकडे, पात्राचं नाव त्यांचं. मी कुठं गेले हे प्रेक्षकांना सांगायचीही मला मनाई होती.

तेव्हा कुठे मी मामाकडे गेले. मामा इथल्या कोर्टात वकिली करतो. चष्मा कपाळावर चढवून त्यानं प्रिंटचा कागद न् कागद वाचला, मग माझ्यापुढे सरकवला. “यात तुझं काय आहे, त्यावर बोट ठेव बरं.” मी पानं उलटत राहिले. बोट ठेवायला जागाच सापडली नाही. मामा म्हणाला, “तू बटईनं पेरलीस. पीक चांगलं आलं. पण रानाचा सातबारा त्यांच्या नावावर.”

व्हीट्यूबर म्हणून किती वर्षं टिकायचं, हा प्रश्न मला त्या दिवशी नीट कळला. आपण म्हातारे झालो तरी पात्र म्हातारं होत नाही. या कामात वयाची अडचण तशी नाहीच. अडचण दोनच गोष्टींची: पात्र कोणाचं, आणि घसा कोणाचा.

पात्राबद्दल आधी. किझुना आई हे जपानी पात्र. ती 2016 च्या अखेरीस आली आणि व्हीट्यूबर हा शब्द तिच्यापासून रुळला. 2019 मध्ये त्याच एका पात्राला आणखी आवाज जोडले गेले, तेव्हा प्रेक्षक दुखावले. चेहरा तोच होता, पण त्यांचा जीव जडला होता तो पहिल्या आवाजावर. 2022 मध्ये ती थांबली आणि 2025 मध्ये परतली. दुसऱ्या बाजूला होलोलाइव्ह या जपानी एजन्सीची तोकिनो सोरा 2017 पासून त्याच पात्रात, त्याच कंपनीत काम करत आली आहे. म्हणजे एजन्सीत राहून वर्षानुवर्षं टिकता येतं. पण त्याच होलोलाइव्हमध्ये लाखोंची लाडकी गावर गुरा 2020 मध्ये आली आणि 1 मे 2025 ला निरोप घेऊन गेली. याला ते ‘ग्रॅज्युएशन’ म्हणतात. माणूस जातो, पात्र कंपनीकडेच राहतं.

निजिसांजी या दुसऱ्या जपानी एजन्सीनं 2024 च्या फेब्रुवारीत आपली व्हीट्यूबर सेलेन तात्सुकी हिचा करार संपवला. ती डोकीबर्ड या आपल्या जुन्या नावानं परत आली आणि लोक तिच्यामागे गेले. ते नाव तिचं स्वतःचं होतं, म्हणून परतायला घर होतं. याच कंपनीनं 2020 मध्ये भारतातही शाखा काढली होती, पुढच्याच वर्षी ती बंद केली. शाखा बंद करायची की नाही, हे कलाकाराला कोणी विचारत नाही.

अमेरिकेतल्या व्हीशोजोचं उदाहरण मी मुलांना मुद्दाम सांगते. ही एजन्सी 2020 मध्ये निघाली, आणि पात्रं कलाकारांच्याच मालकीची राहतील हीच तिची ओळख होती. जुलै 2025 मध्ये तिथली व्हीट्यूबर आयर्नमाउसनं जाहीर केलं की तिचे पैसे थकलेत, आणि इम्यून डेफिशियन्सी फाउंडेशनसाठी चाहत्यांनी दिलेले पाच लाख डॉलरहून जास्त रुग्णांच्या संस्थेपर्यंत पोचलेच नाहीत. काही दिवसांतच एजन्सी बंद पडली. पैशाचा घाव मोठाच होता, पण कलाकार आपापली पात्रं घेऊन बाहेर पडले आणि कामाला लागले. मालकी आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

मामानं मला कायद्यातलं जे समजावलं, ते तुमच्याही कामाचं आहे. करार संपल्यावर “दोन वर्षं दुसरीकडे काम करायचं नाही” अशी अट असली तर भारतीय करार कायद्याच्या कलम 27 पुढे ती सहसा टिकत नाही. करार चालू असतानाची बंधनं मात्र टिकतात, आणि गुपितं न फोडण्याची अटही टिकू शकते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे तुम्ही चित्रकाराकडून मॉडेल घेतानाही लक्षात ठेवा. मी नवं मॉडेल नांदेडच्या एका चित्रकार मुलीकडून करून घेतलं, तेव्हा “कायमचे, जगभरासाठी, वस्तूंच्या विक्रीसह” असं लिहून दोघींनी सह्या केल्या. तिचं नाव प्रत्येक व्हिडिओखाली द्यायचं, हेही त्यातच लिहिलं. तो कागद आईनं शेताच्या कागदांच्या पिशवीत ठेवलाय.

चॅनेल स्वतःच्या ईमेलवर काढा आणि एजन्सीला मॅनेजर म्हणून जोडा, मालक म्हणून नाही. हे त्यांना चालत नसेल, तर बाहेर पडताना व्हिडिओंचं काय होणार आणि निरोपाचा लाइव्ह करू देणार का, हे आधी लिहून घ्या. निरोपाचा लाइव्ह न मिळाल्याचं दुःख मला पैशापेक्षा जास्त झालं.

पैशाचं गणित सही करण्याआधी वहीत मांडा. सुपरचॅटच्या, म्हणजे लाइव्हमध्ये प्रेक्षक पैसे देऊन जो संदेश पाठवतात त्याच्या, शंभर रुपयांतले तीस यूट्यूब ठेवतं. उरलेल्या सत्तरमधून एजन्सीचा खर्च, मग तिचा चाळीस टक्के वाटा. खर्च वीस धरला तर तुमच्या हाती तीसच येतात. दर महिन्याला यूट्यूबचा मूळ हिशेब दाखवण्याची अट घाला. एकटे करत असाल तर जाहिरातींच्या कमाईसाठी एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाणं लागतं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. यूट्यूबचे पैसे ज्यातून मिळतात त्या ॲडसेन्स खात्यात कराची माहिती भरायची राहिली तर नको तितका कर कापला जातो, ते काम पहिल्या आठवड्यात उरका.

आणि घसा. पात्राचा आवाज निवडताना आपल्या बोलण्याच्या आवाजापासून फार दूर जाऊ नका. मी आता ऑडिशन देणाऱ्यांना एकच परीक्षा सांगते: त्या आवाजात सलग दोन तास मोठ्यानं पेपर वाचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या आईला हाक मारून पाहा. हाक नेहमीसारखी निघाली तर तो आवाज तुमचा. माझी पडद्यावरची नवी मुलगी माझ्याच पट्टीत बोलते, “काय करायलाव?” म्हणत चालू होते. नीटची तयारी करणारी क्लासची पोरं रात्री अभ्यास उरकून येतात, त्यांना हेच आवडतं.

आठवड्याला तीन लाइव्ह, दीड तासाच्या वर नाही. राउटरला वेगळा छोटा यूपीएस, लाइट गेली तर निदान “येते परत” एवढं सांगता येतं. मे महिन्यात दोनच लाइव्ह, कारण गोधडीआड पंख्याशिवाय बसणं अंगाला सोसत नाही. प्रेक्षकांना मी हे एप्रिलमध्येच सांगून ठेवते. जूनमध्ये पाऊस पडला की ते परत येतात.