नवा गोल्फ सेट घेताय? या चुका टाळा, बहुतेक माझ्या करून झाल्यात

नवे आयर्न (धातूच्या पातळ डोक्याच्या, नंबर कोरलेल्या स्टिक; नंबर जितका लहान तितका बॉल लांब) घेऊन पहिल्यांदा कोर्सवर गेलो त्या दिवशी सात नंबरने बॉल नेहमीपेक्षा चांगला पंधरा यार्ड पुढे पडला. मी हवेत. फोरबॉलमधले बाकीचे तिघे एकदम गप्प. आमच्या कॅडीने मात्र बॅगेत राहून गेलेली जुनी सहा नंबर काढली, नव्या सातच्या शेजारी टी-बॉक्सवर टेकवली आणि दोन्हीची तोंडं माझ्याकडे फिरवली. नवी सात जुन्या सहापेक्षाही उभी, म्हणजे तोंडाने कमी कललेली, होती. लांबीलाही जवळपास तेवढीच. "साहेब, नंबर सात कोरलाय, पण मारताय तुम्ही सहाच," एवढंच म्हणाला आणि बॅग उचलून चालायला लागला.

मी आयुष्य मशिनशॉपमध्ये काढलं. व्हर्निअर लावल्याशिवाय कुठला जॉब पुढे सोडला नाही. आणि इथे जाहिरात वाचून लाखाच्या वर पैसे मोजून आलो होतो. माझा हँडिकॅप १९ आहे (राउंडला ठरलेल्या शॉटपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात), म्हणजे हे लिहिण्याचा अधिकार खेळाडू म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून आहे. नव्या स्टिक घेण्यात काही वाईट नाही. पण आपले शॉट कुठे वाया जातात हे न मोजता घेतल्या तर पैसे एकीकडे जातात आणि दुखणं दुसरीकडेच राहतं.

चूक पहिली: नंबर बघणं, अंश न बघणं

सात नंबर म्हणजे अमुक लॉफ्ट (फेसचा, म्हणजे मारायच्या तोंडाचा, मागे कललेला कोन), असा कुठलाही नियम नाही. कंपनी हवा तो आकडा कोरू शकते. ऐंशीच्या दशकातल्या सेटमध्ये सात नंबर साधारण ३५ अंशांची असायची. आज नवशिक्या आणि मधल्या फळीतल्या खेळाडूंसाठी जे आयर्न बनतात त्यांत ती २८ ते ३० अंशांवर आली आहे. माझ्या जुन्या सेटमध्ये सात ३४ ची आणि सहा ३० ची होती, नवी सात २९ ची निघाली. पंधरा यार्डांचा हिशोब तिथेच लागला.

याला सरसकट फसवणूक म्हणणंही बरोबर नाही. नव्या आयर्नचं वजन खाली आणि मागे नेलेलं असतं, फेस पातळ असतो. त्यामुळे लॉफ्ट कमी असूनही बॉल उंच चढतो. तुमचा बॉल तसा चढून ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) थांबत असेल तर वाढलेली लांबी खरीच कामाची. पण ज्यांचा स्विंग संथ आहे त्यांचा बॉल चपटा जातो, ग्रीनवर पडतो आणि घरंगळत मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) शिरतो. म्हणून सात नंबर किती लांब गेली हे विचारताना ती पडल्यावर किती पळाली हेही विचारा.

खरी गोम सेटच्या दुसऱ्या टोकाला आहे. जुनी पिचिंग वेज (जवळच्या उंच शॉटची स्टिक) ४८ अंशांची होती, नवी ४३ ची. सँड वेज (वाळूतून बॉल काढायची) तीच जुनी, ५६ ची. मधे १३ अंशांचं भगदाड! पिचिंगने माझा बॉल ११५ यार्ड जातो, सँड वेजने ७५. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) ९५ यार्ड उरले की हातात काय घ्यायचं? तीन महिने मी पिचिंग वेज अर्धी मारत होतो, म्हणजे कधी बॉलच्या डोक्यावर फटका, कधी मागची माती. स्कोअर दोन-तीनने वाढला आणि मी दोष दिला स्विंगला. शेवटी ४९ अंशांची गॅप वेज वेगळी विकत घ्यावी लागली. ती त्या नव्या सेटच्या किमतीत नव्हती, हे दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

नवे आयर्न बघताना लॉफ्टचा तक्ता मागा. तो बहुतेक कंपन्यांच्या साइटवर असतो. आपल्या सगळ्या स्टिकचे अंश एका कागदावर उतरवा. खालच्या चार-पाच स्टिकमध्ये चार-पाच अंशांचं अंतर राहिलं पाहिजे.

चूक दुसरी: ड्रायव्हर दरवर्षी दहा यार्ड वाढतो असं मानणं

जाहिराती खऱ्या असत्या तर एव्हाना पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर मारलेला बॉल लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उतरला असता. ड्रायव्हरच्या (लांब पहिला शॉट मारायच्या सगळ्यात मोठ्या स्टिकच्या) फेसचा उसळीगुणांक (बॉल किती उसळतो त्याचं माप) किती असावा याला यूएसजीए आणि आर अँड ए या दोन नियामक संस्थांनी ०.८३ ची मर्यादा घातलेली आहे. डोक्याचा आकार ४६० घनसेंटिमीटरच्या पुढे नेता येत नाही. बहुतेक कंपन्या या दोन्ही भिंतींना कधीच टेकल्या आहेत. म्हणजे फेसच्या बरोबर मधोमध बसलेला शॉट दहा वर्षांपूर्वीच्या चांगल्या ड्रायव्हरने आणि आजच्या ड्रायव्हरने जवळपास सारखाच जातो.

मग सुधारलं काय? मध्यावर न बसलेला शॉट. डोक्याचं वजन कडेला आणि मागे नेलं की बॉल टोकाला लागला तरी डोकं कमी वळतं. या जडत्वालाही (वळायला होणाऱ्या विरोधालाही) ५९०० ची मर्यादा आहे (एकक ग्रॅम-चौरस सेंटिमीटर, चाचणीत वर १०० ची सूट). मग २०२४ मध्ये '१०के' म्हणून मिरवणारे ड्रायव्हर बाजारात आले ते कसे? त्यात उभ्या आणि आडव्या अशा दोन अक्षांवरच्या जडत्वाची बेरीज करून आकडा दहा हजारांवर नेला आहे. नियमाची मर्यादा फक्त एका अक्षाला आहे. आकडा खोटा नाही, पण ५९०० शी त्याची तुलना करून 'दुप्पट माफ करणारा ड्रायव्हर' असं समजू नका.

तुम्हाला त्या माफीची गरज किती, हे घरच्या घरी कळतं. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला चांगला मोठा ठिपका काढा, तो फेसकडे करून टीवर ठेवा आणि मारा. शाई फेसवर उमटते. दर शॉटनंतर मोबाइलने फोटो काढून पुसा. असे दहा. माझे दहा ठिपके दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते फेसभर पसरले होते, त्यातले सहा टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. अशा माणसाला नव्या डोक्याचा खरंच फायदा होतो. ठिपके मधे गोळा होत असतील आणि ड्रायव्हर गेल्या सात-आठ वर्षांतला असेल, तर पन्नास हजारांच्या पुढचा नवा ड्रायव्हर घेऊन हाती फारसं लागणार नाही. वीस वर्षांपूर्वीचा छोट्या डोक्याचा असेल तर बिनधास्त बदला.

स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवीकडे वळत जाणारा बॉल) जाते म्हणून ड्रायव्हर बदलणाऱ्यांसाठी एक. तुमच्या आत्ताच्या ड्रायव्हरबरोबर बहुधा एक छोटा पाना आला होता. तो कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असेल, शोधा. मानेजवळच्या स्लीव्हने (फिरवता येणाऱ्या नळीने) लॉफ्ट एक-दीड अंश वाढवला की फेस थोडा बंदही होतो. त्याने स्लाइस बरी होत नाही, पण दुसऱ्या फेअरवेवर जाणारा बॉल आपल्याच रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) राहू शकतो, आणि तोही फुकटात. आमच्या गटात नऊ अंशांचा ड्रायव्हर मिरवणारे तिघे आहेत. तिघांपैकी एकाचाही स्विंग नऊ अंशांना लागतो तेवढा वेगवान नाही.

चूक तिसरी: ग्रिप मेली आणि स्टिक बदलली

पुण्याच्या पावसाळ्यात हातमोजा ओला, ग्रिप ओली, आणि ती ग्रिप चार वर्षांची, अंगठ्याखाली काचेसारखी गुळगुळीत झालेली. मग हात आपोआप आवळतात, मनगट अडतं, बॉल उजवीकडे. आपण म्हणतो, सेट जुना झाला.

आधी ग्रिप भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या ब्रशने घासून धुवा, पुसून सावलीत वाळवा. तरी सरकत असतील तर बदला. वर्षाला किंवा चाळीसेक राउंडनंतर बदलाव्यात असं सांगतात. पटर (ग्रीनवर बॉल भोकाकडे ढकलायची स्टिक) सोडून तेरा ग्रिप बदलायला मला नव्या ड्रायव्हरच्या साधारण पाव खर्च आला. माझ्या आख्ख्या गोल्फच्या खर्चात एवढा वसूल झालेला पैसा दुसरा नाही.

डोक्यातून खुळखुळ आवाज येत असेल तर बहुतेक आतला गोंदाचा तुकडा सुटलेला असतो, तो काढून मिळतो. आणि मे महिन्यात बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने तापलेल्या डिकीत डोकं आणि शाफ्ट (दांडा) जोडणारा इपॉक्सी मऊ पडू शकतो. आमच्यातल्या एकाची आठ नंबर फिरवता फिरवता डोकं सोडून गेली. डोकं बॉलपेक्षा लांब गेलं, हे त्यानेच सांगितलं.

बॉल सतत एकाच बाजूला जात असेल तर लाय (जमिनीवर टेकलेल्या स्टिकच्या दांड्याचा कोन) तपासा. तोच मार्कर, बॉलवर सरळ उभी रेघ, तोंड फेसकडे. फेसवर रेघ सरळ उमटली तर ठीक. तिरकी उमटली तर काठी तुमच्यासाठी फार उभी किंवा फार आडवी आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याला जास्त उभी काठी बॉल डावीकडे नेते. चांगला कारागीर ती वाकवून देतो. फोर्ज केलेल्या (घडीव) आयर्नमध्ये हे सोपं, ओतीव आयर्नमध्ये जपून.

चूक चौथी: दुकानातल्या पडद्यावर भाळणं

एसी खोली, मऊ मॅट, नवा कोरा महागडा बॉल, समोर लाँच मॉनिटर (शॉटचा वेग आणि लांबी मोजणारं यंत्र). इथे वाईट खेळणंच अवघड. मॅटवर बॉलच्या मागे आदळलेली स्टिक घसरत पुढे जाते आणि शॉट बरा दिसतो. कोर्सवर तोच शॉट मातीचं ढेकूळ उडवतो आणि बॉल पायाशी राहतो.

जाताना तुमची जुनी स्टिक घेऊन जा. दोन जुनीने, दोन नवीने, अशी आलटून पालटून मारा. आधी जुनीने वीस मारून मग नवी हातात घेतली तर अंग तापल्याचा फायदा नवीच्या खात्यावर जमा होतो. पडद्यावरचा सगळ्यात लांब आकडा सोडा, कॅरीची (बॉल हवेतून जातो त्या अंतराची) सरासरी आणि डावी-उजवीकडचा पसारा बघा. बॉलचा वेग भागिले स्टिकचा वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर. ड्रायव्हरचा तो दीडच्या आसपास संपतो. जुन्याने १.३८ आणि नव्याने १.४५ येत असेल, तेही सरासरीत, तर पुढे बोलायला अर्थ आहे.

शाफ्टचं थोडक्यात. आर (मध्यम), एस (कडक), ए (मऊ) या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं मिळून एकच प्रमाण नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एसएवढा कडक असू शकतो. एस मागणारे बरेच जण स्विंगसाठी नाही, अक्षरासाठी मागतात. साठीनंतर वेग उतरला असेल तर हलका ग्रॅफाइट शाफ्ट हे नवं घेण्याचं अगदी रास्त कारण आहे.

चूक पाचवी: एक दात किडला म्हणून कवळी

नियमाने बॅगेत जास्तीत जास्त चौदा स्टिक. त्यातल्या तीन-चार तुम्ही महिनोन्महिने बाहेर काढत नाही. पाच राउंडमध्ये प्रत्येक शॉटला कुठली स्टिक आणि बॉल कुठे गेला, एवढंच स्कोअरकार्डच्या मागे लिहा. माझ्या यादीत चार नंबर आयर्न अकरा वेळा आली, त्यातली दोनदा बरी. तिच्या जागी एक हायब्रिड (आयर्न आणि ड्रायव्हर यांच्या मधल्या डोक्याची स्टिक) घेतला. बाकी सेटला हात लावला नाही.

वेज मात्र खरोखर झिजतात. वाळूतून हजारदा गेल्या की खाचांच्या कडा बोथट होतात आणि बॉल ग्रीनवर चावत नाही. पन्नास यार्डांवरून जुनी आणि कोणाची तरी नवी, दोन्हीने दहा-दहा बॉल टाकून बघा. फरक डोळ्यांना दिसतो. पटर उलट कधीच झिजत नाही. टायगर वुड्सने आपल्या पंधरापैकी चौदा मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) एकाच पटरने जिंकल्या. स्वीडिश व्यावसायिक हेन्रिक स्टेन्सन तर साल २०११ च्या सुमाराचा तीन नंबर वूड (ड्रायव्हरपेक्षा लहान डोक्याची लांब स्टिक) कितीतरी वर्षं बॅगेतून काढायला तयार नव्हता, आणि त्याला नवं फुकट मिळत होतं.

चूक सहावी: स्वस्तात मिळतंय म्हणून

न्यू जर्सीहून येणाऱ्या भाच्याला ड्रायव्हर आणायला सांगणं हा आपल्याकडचा जुना रिवाज. सांगा, पण लांबी, शाफ्ट, लॉफ्ट लिहून द्या. "चांगला बघून आण" म्हटलं की तो सेलमधला डावखुऱ्यांचा घेऊन येतो. वॉरंटी इथे चालेल का आणि विमानतळावर ड्यूटी किती बसेल, हे आधी विचारून ठेवा.

ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसणारा नामांकित ड्रायव्हर असेल तर फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात ठेवा. टायटॅनियमला ते चिकटत नाही. टायटॅनियमचा म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या फेसला चटकन चिकटलं तर परत द्या. वजनाचे स्क्रू स्टीलचे असू शकतात, त्यांना लावून निष्कर्ष काढू नका. होझलवरचा (डोक्याच्या मानेवरचा) सिरियल नंबर कंपनीला ईमेल केला की बऱ्याचदा उत्तर मिळतं.

आणि जुना सेट लगेच विकू नका. नव्याने निदान दहा राउंड होऊ द्या, त्यातले दोन पावसातले. मी एक्स्चेंजच्या मोहात जुना पाच नंबर वूड देऊन टाकला. रफमधून बॉल उचलायला त्याच्यासारखा मला दुसरा मिळालेला नाही. तो आता आमच्याच फोरबॉलमधल्या एकाकडे आहे, दुकानातून त्याने चार हजारांना घेतला. मी सहा द्यायला तयार आहे. तो हसतो आणि हेडकव्हर घालून ठेवतो.